मसूरच्या फलाटावर आपण कोण असतो?
वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त इतिहासशिक्षकाची उत्तरे

गेल्या अंकात साताऱ्यातल्या एका शाळेत चालणाऱ्या ‘काळयान’ या खेळाविषयी मी लिहिले होते. वर्गातल्या मुलांनी एक वर्ष आणि एक गाव निवडायचे, कल्पनेने तिथे जायचे, त्या काळातल्या एखाद्या व्यक्तीला भेटायचे आणि परत आल्यावर वर्गापुढे उभे राहून वृत्तान्त सांगायचा, इतकाच तो खेळ आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. मुले यंत्रात बसून भूतकाळात जातात, थोर व्यक्तींना भेटतात आणि प्रत्येकाकडून एकेक शिकवण घेऊन परततात, अशा गोष्टींचे तिला वेड लागले आहे. कर्मवीरांकडून कष्ट, सावित्रीबाईंकडून धैर्य, असे ती घडाघडा म्हणून दाखवते. गृहपाठाची वही मात्र रविवारी रात्री नऊ वाजता उघडते. याला शिकणे म्हणायचे की पाठांतर?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पाठांतरच म्हणायचे, पण त्याचा दोष मुलीला देऊ नका. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी वर्गाला पाच थोर व्यक्तींविषयी पाच-पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका विद्यार्थ्याने पाचही ठिकाणी शेवटची ओळ एकच लिहिली होती, ‘यांच्यापासून आपण कष्ट करण्यास शिकतो’, आणि अक्षर सुरेख असल्यामुळे मी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते. ते गुण मला अजून बोचतात.

अशा गोष्टींत भेट होण्याआधीच शिकवण ठरलेली असते. थोर माणूस जणू मुलांची वाट पाहतच बसलेला असतो. मुले आली की तो हातातले काम सोडून उपदेश करतो आणि मुले नमस्कार करून निघतात. माणूस भेटतच नाही, भेटतो तो पुतळा. काळाच्या प्रवासाची खरी गंमत निराळीच आहे. पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असते, पण ज्याला भेटायला आपण गेलो आहोत त्याला ते ठाऊक नसते. म्हणून आमच्या खेळात एकच नियम कडक आहे : पुढचे सांगायचे नाही.

उदाहरण म्हणून मुलीला १९२७ सालच्या साताऱ्यात घेऊन जा. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये दिले गेले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, आपले दळण-कांडण आणि स्वयंपाक आपणच करीत आणि एका पंगतीला बसून जेवत. तिचे संस्थापक, चाळिशीला टेकलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांना ही संस्था पुढे केवढी होणार आहे याची काहीच कल्पना नाही. उद्याची ज्वारी कोठून आणायची, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक आहे. अशाच एका अडचणीच्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिले. आपल्या मुलीला तिथे थोर विचार विचारायला लावू नका. कोठीत आज किती धान्य आहे, मुले किती आहेत, भाकरी कोण थापते, एखाद्या मुलाच्या घरच्यांना ही पंगत मान्य नसेल तर तो मुलगा काय करतो, असे विचारायला सांगा. मग घरातल्या परातीत पीठ घेऊन, चाळीस मुलांना दोन वेळा दोन-दोन भाकरी द्यायच्या तर पीठ किती लागेल, याचा हिशेब तिलाच मांडू द्या. कष्ट हा शब्द त्या संध्याकाळी घरात कोणी उच्चारला नाही तरी चालेल.

रविवारी रात्री नऊ वाजता उघडणाऱ्या वहीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. ती आमच्याही घरी नऊलाच उघडत असे.

प्रश्न : आम्ही सहावीच्या मुलांचे एक नाटुकले बसवले आहे. आजची मुले १९०१ सालात जातात, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावांना गाठतात आणि ज्यांना वाटेत कोणी पाणी दिले नाही त्या भावंडांना आपल्या बाटल्यांतले पाणी पाजतात. तालीम पाहताना पालकांच्या डोळ्यांत पाणी आले. आमचे एक सहकारी मात्र म्हणतात की हे खोटे आहे आणि ते काढून टाकावे. आपले मत काय?
— एक शिक्षक, वाळवा तालुका

उत्तर : मी आपल्या सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे, मात्र प्रसंग काढू नये, त्याचा शेवट बदलावा. मत थोडे कठोर वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

हा प्रवास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, त्यामुळे त्यात काय घडले याविषयी आपल्याला अंदाज बांधावे लागत नाहीत. त्यांचे वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम चालले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी तिकडे यावे असे ठरले. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले असे सगळे नवे कपडे, जरीच्या टोप्या आणि नवे जोडे घालून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पाठवलेले पत्र नोकराच्या हलगर्जीपणामुळे त्यांच्या हाती पडलेच नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नव्हते. फलाट रिकामा झाला. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली आणि आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा बदलला; ते तिथून निघून गेले. अर्ध्या तासाने परत येऊन त्यांनी गाडीवाल्यांकडे विचारणा केली. कोणी तयार होईना. शेवटी मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडीही त्यांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड मास्तरांनी सुचवली आणि एक गाडीवान तयार झाला. वाटेत ज्या ओहोळाशी जेवायला थांबले, तेथले पाणी शेण-मुताने घाण झालेले होते. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर, गाडीवानाच्या सांगण्यावरून, आपण मुसलमान आहोत असे सांगून भीमरावांनी नाकेदाराकडे पाणी मागितले, तरीही ते मिळाले नाही. शिदोरी जवळ असून मुले उपाशी झोपली, कारण घास उतरवायला पाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

आता आपल्या नाटुकल्याकडे पाहा. आजची मुले येतात, बाटली पुढे करतात, तहान भागते, टाळ्या पडतात. प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आपण तिथे असतो तर पाणी दिलेच असते. मास्तर तसे वाईट नव्हते. त्यांनी आधी प्रेमाने विचारपूस केली होती. गाडीवानाला दुप्पट पैसे हवे होते आणि विटाळ नको होता. या दोघांना आपण दुष्ट ठरवून मोकळे झालो की त्या फलाटावर आपल्यासाठी जागाच उरत नाही, आणि माझ्या मते शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या फलाटावर उभे राहण्यातच आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या मुलांना मसूरला नेऊन सोडा, पण त्यांना कोणी पाहू शकत नाही आणि त्यांच्या हातातली कोणतीही वस्तू त्या काळातल्या माणसाला स्पर्श करू शकत नाही, अशी अट घाला. बाटली पुढे केली तर पाणी हवेतच राहील. मग फलाटावरच्या प्रत्येक माणसाच्या मागे एकेक मूल उभे करा. एकाने मास्तरांच्या मनातले बोलायचे, एकाने गाडीवानाच्या, एकाने नाकेदाराच्या, एकाने त्या नोकराच्या ज्याने पत्र पोहोचवले नाही. मी हा प्रयोग एकदा केला तेव्हा मास्तरांच्या मागे उभी असलेली मुलगी बराच वेळ काही बोलेना. शेवटी ती इतकेच म्हणाली, ‘मला त्यांची दया आली होती, पण बाकीचे बघत होते.’ हे वाक्य मी तिला शिकवलेले नव्हते आणि मला ते शिकवताही आले नसते.

नाटुकल्याची सुरुवात हवी असेल तर ती साताऱ्यातच मिळेल. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने प्रवेशाची नोंद झाली. नोंदीचा क्रमांक १९१४ आहे आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंदवहीतली ती एक ओळ फळ्यावर लिहा. त्याच मुलाला शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच ते प्यायला मिळे. शिपाई नसला तर पाणीही नसे. आपल्या मुलांच्या दप्तरातल्या बाटल्या त्या वेळी बाकावर ठेवायला सांगा. त्यांचा तेवढाच उपयोग पुरेसा आहे.

पालकांच्या डोळ्यांत या शेवटाने पाणी येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. कदाचित ते काही न बोलता घरी जातील, आणि गॅदरिंगच्या दृष्टीने ही पंचाईत आहे हे मलाही कळते.

प्रश्न : मी नातवाला रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगतो. सावकाराच्या कानातल्या मोत्याकडे पाहिल्याबद्दल बोलणी खाल्ली आणि ते काशीला शिकायला गेले, इथवर आलो की तो विचारतो, ‘आजोबा, हे खरं की गोष्ट?’ मी निरुत्तर होतो. काय सांगावे?
— एक आजोबा, वाई

उत्तर : नातू हुशार आहे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका. आमच्या काळयानात परत आलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या वृत्तान्तातल्या वाक्यांपुढे तीनपैकी एक खूण करायची असते : ‘कागद सांगतो’, ‘लोक सांगतात’ आणि ‘मला वाटते’. आपल्या गोष्टीवर हीच चाळणी लावून पाहू.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे, जिथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात. ते पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. हे सारे पहिल्या, म्हणजे ‘कागद सांगतो’ या रकान्यात जाईल. साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडची नोकरी, त्याच्या भिकबाळीतल्या मोत्याकडे लागलेली नजर आणि त्या बोलण्याने पेटून उठून विशी गाठल्यावर काशीला जाणे, हे दुसऱ्या रकान्यातले. पत्रातल्या ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथाही तिथेच ठेवावी. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबोवा पुणे सोडून निघाले आणि आपल्या वाईजवळच येऊन राहिले, असे सांगतात; त्यातली संवादांची वाक्ये मात्र नाटककारांची आहेत, हे नातवाला स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या रकान्यातली गोष्ट टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही. दोनशे-अडीचशे वर्षे घरोघरी लोकांनी ती का सांगितली, हाही इतिहासच आहे. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोषी म्हणणारा एखादा तरी असावा, असे ज्यांना वाटत होते त्यांनी ती जपली. मोत्याची गोष्ट मात्र मला स्वतःला जरा संशयास्पद वाटते, कारण अपमान झाला म्हणून शिकायला गेले असा थाट आपल्याकडच्या पुष्कळच चरित्रांत आढळतो. हे वाक्य तिसऱ्या रकान्यात लिहावे आणि त्यापुढे माझी सही समजावी.

प्रश्न : मुलाच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी ‘टाइम मशीन’ बांधायचे आहे. धुराचे यंत्र, फिरते दिवे आणि पत्र्याचा सांगाडा यांसाठी प्रत्येक पालकाकडून पंधराशे रुपये मागितले आहेत. इतका खर्च आवश्यक आहे काय?
— एक पालक, सांगली

उत्तर : अजिबात नाही, आणि हे सांगलीकरांना सांगावे लागावे याचे मला नवल वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी आपल्याच गावात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्याची आठवण म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन मानला जातो. त्या खेळांत सूत्रधार पुढे उभा राहून पद म्हणे, विदूषक येऊन चार थट्टा करी, गणपती आणि सरस्वती येऊन जात आणि तेवढ्यात सांगलीचे लोक मिथिलेला पोहोचलेले असत. पात्रे प्रसंग पाहून आपली वाक्ये आयत्या वेळी बोलत. वीज नव्हती, धुराचे यंत्र नव्हते. वर्गातला खणखणीत आवाजाचा एक मुलगा किंवा मुलगी सूत्रधार करा. ‘आता आपण अमुक साली, अमुक गावी आहोत’ असे त्याने म्हटले की आपण तिथे असतो. फार तर शाळेची घंटा घ्या आणि एक टोल द्या. वाचलेल्या पैशांतून मुलांना एकदा एसटीने प्रत्यक्ष त्या ठिकाणी नेऊन आणा.

प्रश्न : सर, मी सातवीत आहे. मला टाइम मशीन मिळाले तर मी १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊन खाशाबा जाधव यांना भेटेन. त्यांना काय विचारू?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझे पत्र सगळ्यांत छोटे आणि मला सगळ्यांत आवडलेले आहे. हेलसिंकीत त्यांना बँटमवेट गटात कांस्यपदक मिळाले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, हे तुला ठाऊक असणारच. पण तू थेट तिथे उतरू नकोस. आधी चार वर्षे मागे, १९४८ च्या लंडनला जा. तिथे ते फ्लायवेट गटात सहावे आले होते. तांबड्या मातीत वाढलेला पैलवान मॅटवर उभा राहिला की पाय कसे पडतात, पकड कोठे सुटते, हे त्यांना त्या वेळी विचार. त्या वेळी त्यांना आपण पुढे पदक जिंकू हे ठाऊक नसेल, म्हणून उत्तर खरे मिळेल.

मग हेलसिंकीला जा, पण पदक देण्याच्या वेळी नको. लोक सांगतात की जपानच्या मल्लाशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले, मधली विश्रांती मिळालीच नाही आणि त्यांच्या वतीने पंचांशी बोलायला आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता. त्या दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात त्यांच्याजवळ जाऊन बस. काही विचारू नकोस. टॉवेल धर.

परतीच्या वाटेवर कोल्हापूरलाही थांबता येईल. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, असे सांगतात. त्यांना विचार, घरी हे सांगितले तेव्हा घरचे काय म्हणाले.

आणि हे सगळे करायला यंत्र मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. खाशाबांचे गोळेश्वर तुझ्या कराडला लागूनच आहे. रविवारी सायकल काढ, तिथल्या तालमीत किंवा पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याविषयी विचार आणि जे सांगतील ते वहीत उतरवून घे, रकाना क्रमांक दोन. पुढच्या अंकासाठी तो वृत्तान्त मला पाठव. निघण्याआधी आईला सांगून जा, आणि पाण्याची बाटली घ्यायला विसरू नकोस.